लातूरच्या लाइनवरची मावशी

मी आयुष्यात धान्याचं एकही पोतं विकलं नाही की विकत घेतलं नाही. एकट्या बाईला महिन्याला लागेल तेवढी ज्वारी आणि दोन किलो तूरडाळ, एवढाच माझा धान्याशी संबंध. तरीही मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, उद्या भाव चढणार की बसणार, हे मला पुष्कळदा व्यापाऱ्यांच्या आधी कळायचं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि इथून लातूरला बोलायचं तर मधे माझ्यासारखी कोणीतरी बसलेली असायची.

आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. समोर उभा लाकडी बोर्ड, त्यावर ओळीनं भोकं आणि भोकांवर चिमुकले दिवे. दिवा लागला की दोरीची पिन त्या भोकात घालायची, ‘नंबर प्लीज’ म्हणायचं, कोणाला कुठं बोलायचंय ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. मग लाइन मोकळी होईल तसतशी परभणी, लातूर, इंदूर, मुंबई जोडत जायची. साध्या कॉलला दोन-दोन तास लागायचे. घाई असेल त्यानं जास्त पैसे मोजून ‘अर्जंट’ लावायचा, आणि आभाळच कोसळलं असेल त्यानं ‘लाइटनिंग’. दर तीन मिनिटांनी आम्ही मधे बोलायचो, “तीन मिनिटं झाली, वाढवायचे का?”

लाइन लागली एवढं कळलं की आपला कान काढून घ्यायचा, असा नियम होता. पण तेव्हाच्या तारांना वारं सोसायचं नाही. आवाज बुडायला लागला की पलीकडचं बोलणं आम्हीच इकडच्याला ओरडून सांगायचो. त्यामुळं ऐकणं टळत नव्हतं. आमच्या सुपरवायझर फातिमाआपा निजामाच्या अमदानीत काम शिकलेल्या होत्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “सुन बेटी, कान में आया सो कान में छोड़ देना. पेट में बी नक्को रखना.”

मी अकरा वर्षं हे पाळलं. बाराव्या वर्षी मोडलं, त्याचीच ही हकीकत आहे.

आधी बाजाराबद्दल थोडं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

धान्याच्या भावाला एक वर्षाचा फेरा असतो. दिवाळीच्या सुमाराला खरिपाची ज्वारी-बाजरी यायची, माघ-फाल्गुनात तूर. माल एकदम आला की भाव खाली. त्या वेळी शेतकऱ्याला पैशाची नड आहे, तो विकणारच, हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक. ज्याला थांबणं शक्य होतं तो आषाढ-श्रावणापर्यंत थांबायचा. तेव्हा जुनी तूर संपत आलेली असते, नवी अजून वीतभर उगवलेली असते, आणि पुढं सण ओळीनं उभे असतात. त्या दिवसांत भाव वर जातो.

एवढं कोणीही सांगेल. पण मी बोर्डावरून जो बाजार बघत होते, तो या फेऱ्याबाहेरचा होता. कोणाला काय वाटतंय, यावर तो चालायचा. मला ते चिठ्ठ्यांवरून कळायचं. बाजार शांत असला की साध्या कॉलच्या चिठ्ठ्या. एखाद्या सकाळी मोंढ्याकडून एकामागून एक अर्जंट यायला लागले की समजायचं, कोणाला तरी काहीतरी वाटलेलं आहे.

एकदा तर मोठी गंमत झाली. मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्यानं सकाळी इंदूरला लाइटनिंग लावला. तो दुकानातून अनवाणीच शेजारच्या फोनवर धावला, हे समोरच्यानं पाहिलं. समोरच्यानं इंदूरला अर्जंट लावला. तिसऱ्यानं दोघांना पाहून मुंबईला लावला. दुपारपर्यंत माझ्यासमोर सतरा-अठरा अर्जंट चिठ्ठ्या आणि प्रत्येकाचा एकच सवाल, “गव्हाचं काय ऐकलंत?” कोणीच काही ऐकलेलं नव्हतं. पण इतके जण विचारतात म्हणजे काहीतरी असणार, म्हणून लोकांनी माल विकायचा थांबवला, आणि संध्याकाळी गहू खरोखर चढला. त्या पहिल्या व्यापाऱ्याच्या मुलीला इंदूरला मुलगा झाला होता. हे एक्स्चेंजमध्ये मला एकटीलाच माहीत होतं, आणि मला ते कोणाला सांगता येत नव्हतं.

कोणाला सांगता येत नव्हतं, हीच माझी नोकरी. मी औरंगपुऱ्यात एका खोलीत राहायचे. माझं गाव सोयगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. आई-वडील गेलेले, थोरला भाऊ शेती बघायचा. माझ्यासाठी दोन-तीन स्थळं आली. पाळ्यांची नोकरी आणि दिवसभर परक्या पुरुषांशी बोलणारी मुलगी, म्हणून परत गेली. पुढं कोणी आणली नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

माझा आवाज मात्र अख्ख्या शहराला ठाऊक होता. भाजीबाजारात मी “मेथी कशी दिली?” म्हटलं की एखादा पुरुष वळून बघायचा. “तुम्ही ट्रंकवाल्या ना?” मी हो म्हटलं की तो हसायचा, आणि पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा सावध व्हायचा. या बाईनं आपलं काय काय ऐकलं असेल, ते तो आठवत असायचा. शेजारच्या व्यापाऱ्याची बायको हळदीकुंकवाला बोलवायची, पण मी बसले की बायकांचं बोलणं लोणच्या-पापडावर यायचं. कोणी वाईट वागलं नाही. फक्त माझ्यासमोर कोणी मोकळं बोललं नाही.

आम्ही ऐकतो म्हणून मोंढ्यातले लोक फोनवर आडून बोलायचे. त्यातले एक दत्तूशेठ. अडतीचा मोठा व्यवहार, तुरीत विशेष. लातूरला त्यांचा धाकटा भाऊ बन्सी राहायचा. रोज सकाळी दहाच्या सुमाराला त्यांचा लातूरचा कॉल ठरलेला आणि बोलणंही ठरलेलं.

“मावशी कशीय?”

“ताप चढलाय. काल एकशे एक होता, आज एकशे दोन.”

“पाहुणे?”

“कमीच आले.”

“डॉक्टर काय म्हणतो?”

“म्हणतो, अजून चढंल.”

पहिले काही महिने मला त्या मावशीची काळजी वाटली. इतके दिवस ताप म्हणजे काय! मग एकदा सहज दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात लातूरचे भाव पाहिले आणि माझं मलाच हसू आलं. मावशी म्हणजे तूर. ताप म्हणजे भाव. पाहुणे म्हणजे बाजारात आलेला माल, आणि डॉक्टर म्हणजे मुंबईचा कोणी बडा खरेदीदार. त्यानंतर मी रोज वर्तमानपत्र घेऊन पडताळून बघायला लागले. एकदाही चूक निघाली नाही. एकट्या माणसाला असा काहीतरी चाळा लागतो. सकाळी दहाची मी वाट बघायचे, आणि दत्तूशेठचा दिवा लागला की मला ओळखीचं कोणी घरी आल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. आधीचं तुरीचं पीकही बेताचंच होतं. भाव फाल्गुनापासूनच चढत होता. आषाढात माझा भाऊ शहरात आला. त्याला मी दादा म्हणते. त्यानं सगळी तूर घरात ठेवली होती. चहा पिता पिता म्हणाला, “सुमे, तुज्या कानावरून रोज बाजार जातो. सांग की, इकू का थांबू?”

“दादा, ते सांगता येत नाही. नोकरी जाईल.”

“मी कुणाला सांगतोय? म्या आपला इचारलं.”

“नको विचारूस.”

त्यानं चहा संपवला. जेवला आणि दुपारच्या एस.टी.नं निघून गेला. मी स्टँडवर पोचवायलाही गेले नाही, पाळी होती.

तेव्हा सरकार साठ्यावर बंधनं आणणार अशी कुजबुज वर्तमानपत्रांत चालू होती. तसं झालं तर ज्यांनी माल दाबून ठेवलाय ते सगळे एकदम विकायला काढणार आणि भाव कोसळणार, हे मलाही समजत होतं. दादा येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी एका सकाळी आठलाच लातूरहून लाइटनिंग आला. बन्सी होता. मी दत्तूशेठना जोडून दिलं आणि कान काढून घेतला नाही.

“दादा, मावशीचं काही खरं नाही.”

“काल तर बरी होती म्हणालास.”

“रात्रीपासून उतरत गेली. हातपाय गार पडलेत.”

“डॉक्टर?”

“डॉक्टरनं हात टेकले. तुम्ही तिकडचं सगळं सोडा. आजच्या आज निघा.”

त्या दिवशी लाइन खराब होती. बन्सीचा आवाज मधेमधे तुटत होता. दत्तूशेठ कितीतरी वेळ गप्प होते. मला वाटलं, किती पोती कुठं पडून आहेत याचा ते हिशेब करताहेत. तीन मिनिटं झाली. मला मधे बोलायचं होतं, पण मी बोलले नाही. आणखी काही कळेल म्हणून तशीच ऐकत राहिले. सहा मिनिटं झाली, नऊ झाली. बन्सी काहीबाही सांगत होता, पाणी मागितलं, पाणी दिलं, असं. त्याचा अर्थ मला लागला नाही. एवढंच कळलं की तूर पडली.

माझ्या डोळ्यांसमोर दादाच्या घरातली पोती आली. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्यानं केलं होतं. मॅट्रिकची फी भरायला त्यानं एक गाय विकली होती. मी त्याच्यासाठी आजवर काय केलं होतं? सणाला लुगडं-धोतर पाठवणं, एवढंच.

गावात फोन नव्हता. सोयगावच्या पोस्टात होता. तिथं माणूस बोलावून घ्यायचा निरोप आधी पाठवता यायचा. मी बाहेरच्या पोस्टातून रीतसर पैसे भरून दुसऱ्या दिवशी दुपारचा कॉल लावला. त्या दुपारी बोर्डावर माझी एक मैत्रीण बसलेली होती. ती ऐकेल, म्हणून काय बोलायचं ते मी आधीच मोजक्या शब्दांत ठरवून ठेवलं. दादा लाइनवर आला.

“कोन? सुमे? काय झालं?”

“दादा, तूर काढ. दोन दिवसांत काढून टाक. का ते विचारू नकोस.”

“आगं पन...”

“ठेवते.”

आणि मी ठेवला.

दादानं ऐकलं. तोंडातून शब्द न काढता दोन गाड्या भरल्या. पण गाव बघत होतं. याची बहीण शहरात टेलिफोनवर आहे आणि हा ऐन आषाढात घाईनं तूर काढतोय, म्हणजे हिला काहीतरी कळलंय. दुसऱ्या दिवशी आणखी आठ-दहा घरांनी गाड्या जुंपल्या, मग शेजारच्या वस्तीनं. एवढ्या गाड्या एकदम आलेल्या पाहून सोयगावचे व्यापारी बिचकले. वरती काहीतरी घडलं असणार म्हणून त्यांनी भाव पाडून मागितला. आडवळणी गावचा बाजार, चार दिवस तिथं खरोखर मंदी आली. ज्यांनी विकलं त्यांना वाटलं, वेळेत सुटलो. दादाला लोक पारावर बोलावून चहा पाजायला लागले.

मी इकडं रोज वर्तमानपत्र बघत होते. लातूरचा भाव जिथल्या तिथं होता. मग चढायला लागला. सकाळचा दत्तूशेठचा कॉल बंद झाला होता. मला वाटलं, भाव पडेल म्हणून घाईनं सगळा माल विकून बसले असतील.

तेराव्या की चौदाव्या दिवशी फातिमाआपांनी मला कचेरीत बोलावलं. खुर्चीवर एक माणूस बसला होता. डोक्यावर नुकतेच उगवलेले केस, मिशी काढलेली. आपा म्हणाल्या, “ये दत्तूशेठ हैं. उस दिन सुबू लातूर की लाइन पर कौन था, पूछ रहे.”

मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. त्यांचं डोकं पाहिलं आणि घरचं कोणीतरी गेलंय, हे मला कळलं.

ते उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. आवाज तोच, रोज सकाळचा. “बाई, आमची आई लहानपणीच गेली. मावशीनं वाढवलं आम्हा दोघांना. तिला मूलबाळ नव्हतं. त्या दिवशी मी काही पोचू शकलो नाही, वाटेतच होतो तेव्हा गेली. पण तिचं शेवटचं काय काय झालं, काय म्हणाली, पाणी कुणाच्या हातून प्याली, ते बन्सीनं फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही मधे तोडलं नाही. तीन मिनिटांचं एकदाही म्हणाला नाहीत. एवढं सांगायलाच आलो.”

रोजच्या मावशीच्या आड एक खरी मावशी लातूरला अंथरुणावर होती. तिचं नाव त्यांच्या तोंडी असायचंच, म्हणून तेच त्यांनी तुरीला दिलं होतं. आणि बन्सीचा जो आवाज तुटत होता, तो लाइनमुळं तुटत नव्हता.

मी काय बोलायला हवं होतं? मी तुमच्या मावशीसाठी नाही, तुरीसाठी ऐकत होते, हे? मी मान हलवली. आपा माझ्याकडं बघत होत्या. मला आजही वाटतं, त्यांना कळलं होतं. दत्तूशेठ गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “जा, मुँ धो ले. फिर बोर्ड पे बैठ.”

दत्तूशेठनी महिन्याभरानं लातूरचा कॉल पुन्हा सुरू केला. त्यात मावशी नव्हती. ते तुरीला तूरच म्हणायला लागले होते. मी तेव्हापासून त्यांची लाइन लागली की लगेच कान काढून घ्यायचे, आणि वर्तमानपत्र बंद केलं.

पोळ्यापर्यंत तूर एवढी चढली की ज्यांनी थांबून ठेवली होती त्यांनी त्या वर्षी घरांवर पत्रे टाकले. दादाला पारावर चहा मिळेनासा झाला. एकानं त्याला तोंडावर म्हटलं, “तुज्या भैनीनं गाव बुडिवलं.” हे मला दुसऱ्याकडून कळलं. दादा कधी एका शब्दानं बोलला नाही. पण त्याचं शहरात येणं कमी झालं आणि माझं गावी जाणं. गावात एस.टी.तून उतरलं की माझ्याकडं बघणारे डोळे मला नको वाटायचे. दिवाळीला पत्र, भाऊबीजेला मनिऑर्डर, अशी बरीच वर्षं गेली. मधे बोर्ड गेले. लोक घरातूनच परस्पर नंबर फिरवायला लागले. मला चौकशीच्या टेबलावर बसवलं. तिथं लोक नंबर विचारायचे, मी सांगायचे, ते ठेवून द्यायचे. तिथूनच मी रिटायर झाले.

गेल्या वर्षी दादा आजारी असल्याचं भाच्यानं कळवलं, म्हणून गावी गेले. वहिनी जाऊन पाच वर्षं झाली होती. दादा ओसरीत बाजेवर होता, खंगलेला, पण नजर तीच. दुपारची वेळ होती, घरची माणसं शेतात. मी ठरवूनच गेले होते. सगळं सांगितलं. दत्तूशेठ, मावशी, ताप, गार पडलेले हातपाय, त्यांचं भादरलेलं डोकं. सांगून झाल्यावर म्हटलं, “दादा, तुझी तूर माझ्या ऐकण्यापायी गेली. तू कधी बोलला नाहीस.”

त्यानं हात झटकला.

“तुरीचं काय घिऊन बसलीस,” तो म्हणाला. “तूर काय, म्होरल्या साली आली की पुन्ना.”

“मग राग कशाचा होता?”

“राग नाय गं.” त्यानं कुशीवर वळून माझ्याकडं पाहिलं. “तुजा फोन हाय म्हनून पोस्टातला मानूस सांजच्याला सांगाया आला. रातभर झोप नाय आम्हाला. वाटलं, सुमीचं काय बरंवाईट झालं. तुजी वैनी मारुतीला नारळ बोलली. सकाळी उठून सोयगावाला चालत गेलो, सात मैल. आन् फोनमदी तुजा आवाज आयकला. लई बरं वाटलं. म्हनलं, जित्ती हाय. आता हिला इचारावं कशी हाय, जेवती का यवस्थित, एकटी ऱ्हाती. आन् आपलंबी सांगावं चार शब्द. तर तू म्हनली, तूर काढ. आन् ठिवला.”

मी बाजेजवळ सरकून बसले.

“साऱ्या मुलखाला तू बोलाया लाइन जोडून द्यायची,” दादा म्हणाला. “आपल्याला एकदाच जोडली, ती बी तुरीपायी.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. झालं तसं त्यानं सांगितलं. मी उठून त्याला पाणी दिलं, उशी सारखी केली.

“त्या दिवशी काय सांगणार होतास?” मी विचारलं.

“आता काय त्याचं.”

“सांग ना.”

“तुज्या वैनीला तवा दिवस गेलं व्हतं. चौथा म्हैना. लई वर्सांनी.” त्यानं पांघरूण वर ओढलं. “आपल्याला सांगायचं व्हतं तुला. पुढं ते काय टिकलं नाय. मंग सांगन्यासारखं ऱ्हायलं नाय.”

एकुलता एक भाचा त्याआधीचा. हे मला इतक्या वर्षांत कोणीच सांगितलेलं नव्हतं. वहिनीनंही नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

दादा बोलत राहिला. वहिनीला कशी कणसं खायची इच्छा झाली होती, त्यानं नाव काय ठरवलं होतं, नंतर ती किती दिवस शेतात आली नाही. मधेमधे त्याला धाप लागायची, तो थांबायचा, मी वाट बघायचे. बाहेर फाट्यावर चारच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती शहराकडं जाणारी शेवटची गाडी होती. दादानं विचारलं, “गाडी जाईल की गं?”

मी म्हटलं, “जाऊ दे. तू सांग.”